बॅच तीनमधली चाळिसावी बाटली

माझगाव,
गुरुवार, १६ एप्रिल २०२६, दुपारचे अडीच.

(हेन्री अंकलची पेज गॅसवर आहे. ती उतू जाऊ नये म्हणून तिच्यासमोर स्टूल टाकून बसलो आहे आणि मांडीवर पोळपाट घेऊन लिहीत आहे. मधेच अक्षर हलले तर पेजेचा दोष समजावा.)

तीर्थरूप शांताआत्येस,

स्वप्नीलचा वाकून नमस्कार. इकडे सर्व कुशल आहे असे लिहायची पद्धत आहे आणि मी ते लिहिलेही असते, पण मग पुढचे पत्र लिहायला कारणच उरले नसते. तुझा गुडघा कसा आहे? पायऱ्या चढतेस का अजून अंगणातूनच लोकांना हाका मारतेस? कुशाबाकाकांचा खोकला गेला असेल. गेला नसेल तर विडी सोडली असे जे त्यांनी मला सांगितले होते ते मी पूर्ण खरे मानलेले नाही, एवढेच त्यांना सांग. आई बरी आहे. नायगावची खोली रिकामी करून आम्ही आता तात्पुरत्या जागेत आहोत, तिथे नळाला पाणी भरपूर आहे आणि शेजारी कोणीच ओळखीचे नाही, म्हणून आई पाणी भरून झाले की उदास बसते.

फोन का केला नाही असे विचारशील. एक तर काकांचा फोन तुमच्या वाडीत लागत नाही, आणि लागला तर काका ‘हॅलो, हॅलो’ एवढेच म्हणून ठेवून देतात. दुसरे खरे कारण असे, की गेल्या आठवड्यापासून मला कुठलेही बटण दाबायची भीती बसली आहे. लिफ्टचेसुद्धा दाबत नाही. (अंकलना डॉक्टरकडे नेले तेव्हा त्यांना लिफ्टमनच्या स्वाधीन केले आणि मी जिन्याने धावत वर गेलो. लिफ्टमनने अंकलना विचारले, “हा कोण, नातेवाईक?” अंकल म्हणाले, “नाय. कॉम्प्युटरवाला.”)

कॉम्प्युटरवरूनच सगळे झाले म्हणून आधी त्याचे सांगतो. तू गेल्या वर्षी मे महिन्यात गावाला गेलीस, त्याच्या थोडे आधी हेन्री अंकल आणि सेसिलिया आंटींचा पुतण्या लॅन्स सर यांनी मसाल्याच्या धंद्यासाठी ते सॉफ्टवेअर आणले, तुला आठवत असेल. तू मॉनिटरला हळदकुंकू लावलेस आणि आंटींनी त्याच्यावर शिंपडायला चर्चमधले पवित्र पाणी आणले, तेव्हा ते बसवायला आलेला उन्मेष “मॅडम, वॉरंटी जाईल” म्हणून दोघींच्या मधे उभा राहिला होता. तर एका वेळी वाळवून, भाजून, कांडून भरलेला मसाला म्हणजे एक बॅच. कुठल्या पोत्यातली मिरची घेतली, कोणी भाजली, कोणी कांडली, किती बाटल्या भरल्या आणि कुठली बाटली कोणाकडे गेली, हे सगळे त्या बॅचच्या नावावर लिहायचे. दादरच्या दुकानदारांना हल्ली हे लागते. उद्या मसाल्यात काही निघाले तर ती बाटली कुठे आहे ते एका मिनिटात सापडले पाहिजे.

मी बारावी नापास असलो तरी हे काम मला आवडले, कारण यात शुद्धलेखनाला किंमत आहे. ‘धणे’ एकदा चुकून ‘धने’ लिहिले तर सॉफ्टवेअर त्याला नवीन जिन्नस समजते आणि शिल्लक शून्य दाखवते. आंटींना मात्र ते कधीच पटले नाही. मसाला किती दिवस टिकतो या रकान्यात त्या ‘संपेपर्यंत’ लिहायला सांगायच्या. आणि विकलेल्यापेक्षा वाटलेल्या बाटल्याच जास्त. सॉफ्टवेअर म्हणते, प्रत्येक बाटलीपुढे एक नाव हवे. मग मी विचारायचो, आंटी, ही कोणाला दिली? त्यामुळे आमच्या ग्राहकांच्या यादीत ‘बसचा कंडक्टर (उंच)’, ‘दाताच्या डॉक्टरकडची मुलगी’ आणि ‘कबरस्तानातला माळी, सध्याचा नव्हे, आधीचा’ अशी नावे आहेत. तुझेही आहे. निघायच्या दिवशी त्यांनी तुझ्या पिशवीत कोंबली ती बॅच तीनमधली चाळिसावी, म्हणजे त्या बॅचमधली शेवटची.

ती बॅच आंटींच्या हातची शेवटची ठरली हे तेव्हा कोणाला माहीत? जानेवारीत त्या गेल्या, ते मी तुला काकांच्या भाच्याकरवी कळवलेच होते. तुला गुडघ्यामुळे येता आले नाही याचे वाईट वाटून घेऊ नकोस. मी तुझ्या नावाने एक मेणबत्ती लावली आहे. (दोन लावल्या, पहिली वाऱ्याने विझली.) पुढे महिन्याच्या प्रार्थनेला वसईचे, गोराईचे सगळे नातेवाईक आले. बायकांनी मिळून जेवण केले आणि त्यात घरात ठेवलेली शेवटची बाटली संपली. ती शेवटची होती हे कोणाच्या लक्षात आले नाही. माझ्याही नाही, कारण घरात वापरलेल्या बाटलीची नोंद सॉफ्टवेअरमध्ये होत नाही. कोणीतरी ती बाटली भंगारवाल्याला देऊन टाकली.

त्यानंतर लगेच त्यांचा उपवासाचा काळ सुरू झाला, ईस्टरपर्यंतचा. हेन्री अंकल रोज फक्त पेज आणि मीठ घेऊ लागले. आम्हा सगळ्यांना वाटले, बायको गेल्यावर माणूस देवाकडे वळला. गल्लीतले लोक आदराने बोलू लागले. चर्चमध्ये वरच्या आवाजात गाणारे टेरेन्स अंकल, त्यांनी तर स्वतःचे मटण बंद केले, म्हणाले, “हेन्री बघा, गोदीतला फिटर, आयुष्यभर शिव्या दिल्या, आणि आता बघा!” आठवड्याला आठवडा अंकल वाळत गेले आणि त्यांचे नाव वाढत गेले. मग ईस्टरचा रविवार आला. शेजारच्यांनी डुकराचे मटण आणले, पिठाचे फुगे तळून आणले, मीही यंदाच्या नवीन बॅचचा मसाला घालून आईकडून बोंबलाचे कालवण करवून नेले. अंकलनी सगळ्यांना हॅपी ईस्टर म्हटले, ताटाकडे पाहिले आणि मला म्हणाले, “स्वप्नील, पेज हाय काय?”

मी विचारले, अंकल, उपवास संपला ना? तेव्हा कळले की उपवास नव्हताच. त्यांना दुसरे काही जात नव्हते. मी म्हणालो, यंदाचा मसाला चांगला झालाय, आंटींनी लिहून दिलेल्या मापानेच केलाय, तुम्हीच तर चाखून हो म्हणालात. ते म्हणाले, “चांगला हाय रे. विकायला एकदम चांगला. पण मना नको.” मग बराच वेळ त्यांनी टेबलक्लॉथवरचा एक डाग नखाने खरवडला आणि म्हणाले, “तिच्या हातचा थोडा कुठं असंल काय रे? एक बार कालवण खाल्ला असता.”

(पेज आली वर. थांब.)

आलो. तर आत्या, तूच सांग, त्या क्षणी माझ्यासारख्या माणसाच्या मनात काय यावे? कुठली बाटली कोणाकडे गेली हे तर माझ्याकडे लिहिलेले आहे! उन्मेषने शिकवताना दाखवले होते, की बॅच निवडायची, ‘परत मागवा’ हे लाल बटण दाबायचे, की ज्यांच्याकडे ती बॅच आहे त्या सगळ्यांची नावे समोर येतात. मंगळवारी सकाळी मी हात धुऊन बसलो. बॅच तीन निवडली. कारण विचारले. त्यात फुटलेली काच, किडे, बुरशी असे पर्याय होते. मी अर्थातच ‘इतर’ घेतले. खुलासा लिहा म्हणाले. मी दोनदा तपासून शुद्ध मराठीत लिहिले: ‘हेन्री अंकल अशक्त झाले आहेत व जेवत नाहीत, कारण या बॅचचा मसाला घरात उरलेला नाही. कोणाकडे असल्यास थोडा द्यावा, ही नम्र विनंती.’ आणि बटण दाबले.

उन्मेषने शिकवले तेव्हा ते शिकवण्यापुरते होते, म्हणून नुसती नावे आली होती. या वेळी नावांबरोबर सगळ्यांना मेसेजही गेले. आणि मेसेजमध्ये जितकी अक्षरे मावतात तितकीच गेली. लोकांच्या फोनवर आले ते असे: ‘तातडीची सूचना. बॅच तीनचा मसाला वापरू नये, त्वरित परत करावा. कारण: हेन्री अंकल अशक्त झाले आहेत व जेवत नाहीत, कारण या बॅचचा मसाला’. बस. तिथेच तुटले.

पहिला फोन नायगावच्या पोलीस क्वार्टर्समधल्या राधाबाईंचा. “अरे मेल्या, मी अकरा महिने खात्येय! आता सांगतोस?” मी म्हणालो, राधाबाई, मसाल्याला काही झालेले नाही. त्या म्हणाल्या, “मग परत कशाला मागवतोस? खरं सांग, काय होतं खाल्ल्यावर? भूक जाते?” मी विचारले, तुमची गेलीय का? “नाही, उलट जास्तच लागते. तेसुद्धा लक्षण आहे का बघ.” पाठोपाठ टेरेन्स अंकल आले, बाटली प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत घालून, हात लांब करून. त्यांनी थेट आत जाऊन हेन्री अंकलना मोठ्याने विचारले, “हेन्री, पोटात कसं वाटतं?” अंकल म्हणाले, “खाली.” टेरेन्स अंकलनी माझ्याकडे असे पाहिले, की मी त्यांना समजावून सांगायच्या आधीच ते फादरना सांगायला गेले. दादरचे दुकानदार दीपकशेठ यांनी तर आमच्या सगळ्याच बॅचच्या बाटल्या फळीवरून उतरवल्या आणि कळवले, की परत आलेला माल नष्ट केल्याचे फोटो पाठवल्याशिवाय पुन्हा लावणार नाही. तुझा मेसेज काकांच्या जुन्या नंबरवर गेला. तो नंबर आता भांडुपच्या एका टेम्पोवाल्याकडे आहे. त्याने विचारले, कोण हेन्री? मी खुलासा पाठवला. तेव्हापासून तो रोज संध्याकाळी विचारतो, ‘जेवले का?’ आत्या, एवढ्या मोठ्या मुंबईत पूर्ण मेसेज वाचलेला तो एकटाच माणूस.

पण बाटल्या आल्या. पाव, अर्ध्या, तळाशी बोटभर, अशा बावीस आल्या. उंच कंडक्टरने स्वतः आणून दिली, आणि दारात उभा राहून म्हणाला, “आंटी गेल्या हे मला कोणी सांगितलंच नाही. मला वाटलं, त्यांनी रूट बदलला.” मग तो पायरीवर बसला आणि मी त्याला पाणी दिले. बाकीच्या सतरा जणांनी संपली म्हणून कळवले.

आता पुढचे लिहितो ते तू सावकाश वाच, आणि माझ्यावर रागव, पण पूर्ण वाचून रागव. बावीस बाटल्या माझ्या हाताशी होत्या. हेन्री अंकल भिंतीपलीकडे होते. त्यातली एक उचलून आत नेली असती तर गोष्ट तिथेच संपत होती. पण सॉफ्टवेअरमध्ये परत आलेला माल वेगळ्या कपाटात ठेवतात, कुलूप लावतात, आणि चाळीसच्या चाळीस बाटल्यांचा ठावठिकाणा लागेपर्यंत त्यातले काही कोणाला देता येत नाही; दिले तर समोर लाल पट्टी येते. मला लाल पट्टी बघवत नाही, तू जाणतेसच. (शाळेत लाल शाईने शेरा आला की मी ते पान नवीन लिहून काढायचो.) एकोणचाळीस लागल्या होत्या. राहिली होती तुझी एक. मी ठरवले, की आत्याचा निरोप आला की हिशेब बंद करायचा आणि मग सगळ्या बावीस बाटल्या एकदम अंकलच्या टेबलावर मांडायच्या. मी त्यांच्या चेहऱ्यावरचे हसूसुद्धा मनात बघून ठेवले होते. तीन दिवस मी त्या कपाटाची किल्ली खिशात घेऊन त्या माणसाला पेज वाढली.

शनिवारी सकाळी अंकलना चक्कर आली. मी त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेलो, तिथे सलाइन लावली, दुपार झाली. त्याच सकाळी लॅन्स सर वसईहून सासुरवाडीचा ईस्टर आटोपून परत आले. त्यांना तो तुटका मेसेज आला होता आणि दीपकशेठचा निरोप आला होता. दुसऱ्या किल्लीने त्यांनी कपाट उघडले. हातमोजे घातले, बावीसच्या बावीस बाटल्या मोरीत ओतल्या, वर फिनेल ओतले, बाटल्या पुन्हा वापरता येऊ नयेत म्हणून नियमाप्रमाणे फोडल्या, प्रत्येक पायरीचा फोटो काढला आणि काचा घंटागाडीत दिल्या. आत्या, त्यांनी एकही चूक केली नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तसेच केले असते. आम्ही परत आलो तेव्हा ते घामाघूम होऊन म्हणाले, “स्वप्नील, तुझं काम मीच करून टाकलं रे.”

मी त्यांना सांगितले तेव्हा ते मोजे न काढता पायरीवर बसले. “तू मला फोन का नाही केलास?” एवढेच म्हणाले. मी म्हणालो, तुम्ही सुट्टीवर होता. ते म्हणाले, “ती माझीपण आंटी होती ना रे.” लहानपणी शाळेतून आले की त्या त्यांना पावावर तोच मसाला तेलात कालवून द्यायच्या, हे मला माहीत नव्हते. आम्ही दोघे हळू आवाजात बोलत होतो, पण अंकलच्या हाताला अजून कापूस चिकटवलेला आणि ते मागे उभे. त्यांनी सगळे ऐकले होते. मला वाटले, आता ते मला घरातून काढतील. ते म्हणाले, “तिची सवयच तशी. घरात काय ठेवायची नाय.” आणि मोरीकडे गेले. तेव्हापासून दुपारची झोप मोडून ते खुर्ची मोरीपाशी घेऊन बसतात. मला तिथे फिनेलशिवाय कसलाही वास येत नाही. ते म्हणतात, त्याच्या मागं हाय. कालपासून तेही म्हणत नाहीत. पेजेची वाटीही काल अर्धीच संपली. डॉक्टर म्हणाले, सलाइनने माणूस उभा राहतो, चालत नाही. तोंडाने काहीतरी गेले पाहिजे.

दीपकशेठनी फोटो पाहून आमचा माल पुन्हा लावला आहे. धंदा ठीक आहे. लॅन्स सर म्हणाले, की आता फक्त ती परत मागवलेली बॅच सॉफ्टवेअरमध्ये बंद करायची राहिली आहे, आणि ती अडली आहे तुझ्या एका बाटलीवर. म्हणून हे पत्र. तुझ्याकडची बॅच तीन, बाटली चाळीस, ‘शिल्लक आहे’ किंवा ‘संपली’, एवढे दोनपैकी एक मला कळव. बाकी काही तसदी घेऊ नकोस. काकांना आणि म्हशीला माझी आठवण सांग. म्हशीला बरे नव्हते असे ऐकले होते.

पेज झाली. ती गार होईपर्यंत तुझाच आहे, गार झाल्यावर अंकलचा,

तुझा
स्वप्नील

ता. क. आत्या, वर जे एवढेच कळव म्हटले ते सॉफ्टवेअरसाठी म्हटले. माझे मागणे वेगळे आहे. बाटलीत काही असेल तर जे असेल ते पाठव. एका कालवणापुरते असले तरी खूप झाले. हे पत्र घेऊन येणारा काकांचा भाचा रविवारी रात्रीच्या गाडीने परत निघतो, त्याच्या हाती दे, पोस्टाने नको. मी सोमवारी पहाटे दादरला उभा असेन. त्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये कुठलीही नोंद करणार नाही.

आणखी एक. संपली असेल तर रिकामी पाठव. धुऊ नकोस. बूच घट्ट लाव आणि वर पिशवी बांध.

आणि हे शेवटचे. धुतली असशील आणि आता तिच्यात घासलेट किंवा गोडेतेल भरून ठेवले असशील, तर मला तसे लिहू नकोस. तुझे पत्र मला अंकलना वाचून दाखवावे लागेल, त्यांना चष्म्यानेही दिसत नाही आणि मला वाचताना बदल करायला जमत नाही. तेव्हा तूच लिही, की भाच्याच्या हाती दिली होती, अर्धी भरलेली होती, वाटेत फुटली. फुटली म्हणजे निघाली तरी होती. सॉफ्टवेअरमध्येही मी तेच भरीन.